सरळ रेषा

सकाळपासून अनुजा वाफ आपोआप कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरचे आकडे बदलत होती, पण पडद्यावरची तापमानाची रेषा काही ठिकाणावर येत नव्हती. वाफ वाढली की रसायनाचा रिअ‍ॅक्टर भडकायचा, कमी झाली की पार गारठायचा. आज जमलं नाही तर नोकरी कायम होणार नाही, हे साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

दुपारी साहेब दारात आले तेव्हा तिने शेवटचा एक आकडा खाली आणला. रेषा हळूहळू सरळ झाली आणि सरळच राहिली. अनुजाला रडू फुटायचंच बाकी होतं.

"वा," साहेब म्हणाले. "म्हणजे आता हे आपलं आपण चालतंय."

"हो सर," म्हणत तिने काचेपलीकडे पाहिलं. तिथे, दारातून दिसणार नाही अशा जागी, ऑपरेटर खेडेकरकाका वाफेच्या पाइपशी उभे होते. कंट्रोलरकडून येणारी वाफ त्यांनी बंद केली होती आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून बाजूच्या व्हॉल्व्हचं चाक ते हातानेच केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत होते. तिला बघून त्यांनी डोळे मिचकावले.

"मग तिथे माणूस कशाला हवा?" साहेब म्हणाले. "खेडेकरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांग."

खरं सांगितलं तर कंट्रोलरशी खेळ केला म्हणून काका आजच घरी गेले असते, आणि त्यांच्या मागोमाग अनुजा.

काचेपलीकडे इथलं काही ऐकू जात नव्हतं. काका घाम पुसायलासुद्धा चाकावरचा हात काढत नव्हते. पडद्यावरची रेषा जराही हलली नाही.