डावीकडे दोन फळ्या

मॉलमधल्या बॉलिंगच्या लेनवर माणिकबाईंचा बॉल पुन्हा डावीकडे गेला. उजवीकडच्या चार पिना ताठ उभ्या राहिल्या. मागच्या सोफ्यावर त्यांच्या विहीण आशाबाईही ताठ झाल्या.

“इनबाई, हा काई कोबीचा गड्डा नाई. गिऱ्हाईकाच्या थैलीत टाकल्यावानी काहून टाकून राह्यल्या?”

अकोल्याहून आलेली सारी मंडळी हसली. अमरावतीच्या बाजारात माणिकबाईंचं भाजीचं दुकान होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मुलांच्या लग्नाला आज दोन वर्षं झाली होती. त्या लग्नात माणिकबाईंनी दिलेली आहेराची साडी आशाबाईंनी घडीही न मोडता भर मांडवात परत केली होती. “अशी साडी आमच्या घरी भांडेवालीबी नेसत नाई!” माणिकबाईंनी तेव्हा ती तशीच घरी नेऊन ठेवली. आज मॉलमध्ये येताना मात्र ती साडी पिशवीत घालून घेऊन आल्या, आणि पैज त्यांनीच लावली. आपण हरलो, तर साडी हलकी होती असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. आशाबाई हरल्या, तर त्यांनी ती इथंच नेसायची.

दहाही पिना पुन्हा उभ्या झाल्या. आता शेवटचा बॉल. दहाच्या दहा पडल्या तरच माणिकबाई जिंकणार होत्या.

जावई सागर हळूच सासूजवळ आला. आईच्या जिभेची त्याला लहानपणापासून ओळख होती.

“मामी, पिनांकडे पाहूच नका. खाली लेनवर बाण हाये, त्याच्यावर नजर ठेवा. अन् बॉल डावीकडे जाते ना, तं पायबी डावीकडंच सरकवा.”

“चुकला तिकडंच सरकू?”

“तिकडंच. बाण तोच ठेवा.”

माणिकबाई लेनच्या लाकडी फळ्या मोजून दोन फळ्या डावीकडे सरकल्या. पिनांकडे पाहिलं नाही. आशाबाईंकडे तेवढं एकदा पाहून घेतलं. बॉल बाणावरून गेला आणि दहाही पिना आडव्या झाल्या.

सोफ्यावर कोणी हसलं नाही. आशाबाईंनी साडी दोन बोटांत धरली, नाक मुरडलं आणि घडी मोडली. आत टाचणीनं लावलेली चिठ्ठी होती. आहेराच्या साड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून अशी चिठ्ठी लावायची टापटीप त्यांच्या साऱ्या गोतावळ्यात एकाच बाईकडे होती.

माणिकबाईंच्या लेकीनं, करिश्मानं, ती मोठ्यानं वाचली. “‘करिश्माच्या आईले. साखरपुड्याचा आहेर. आशाबाई, अकोला.’”

“नेसा, इनबाई,” माणिकबाई म्हणाल्या. “तुमचीच पसंत हाये.”