नऊ फेरे

हुआई नदीकाठच्या आमच्या राज्यात राळा पेरण्याआधी राजानं नांगराचे तीन फेरे मारायचे, मग सेनापतीनं नऊ. त्या वर्षी राजाचे तिन्ही वाकडे गेले. सेनापती तुआन, त्याचा सख्खा धाकटा भाऊ, मात्र सरळ नांगरत होता. "हा जन्मजात शेतकरी," मी शेजाऱ्याला म्हणालो. राजानं ते ऐकलं आणि तलवार मागवली. राजानं तलवार भेट दिली की घेणाऱ्यानं स्वतःचा गळा चिरायचा, हे पोरांनाही ठाऊक. ती येताना पाहून तुआननं शेवटचे दोन फेरे मुद्दाम वाकडे काढले. "दमलो बुवा, दादा," तो हसला. राजा माझ्यापाशी आला. "बोल म्हाताऱ्या, आता कुणाचा हात चांगला?" मला वाटलं, भांडण मिटवावं. "दोघांचा सारखाच, महाराज." "सारखाच?" म्हणत राजानं तलवार भावापुढे धरली. त्यानं वाकून घेतली. 'तुमचाच' म्हणायला माझं काय जात होतं?