माझ्याखेरीज कोणाला?

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना पेज भरवून, कुशीवर वळवून वृंदा बाहेरच्या खोलीत येऊन बसली. त्या झोपल्या की ती फोनवरच्या एआय डायरीशी हळूच बोलायची. तीन वर्षांच्या आजारपणात तेवढाच तिचा विसावा.

“आज वाटलं, आई सुटल्या तर बरं होईल. किती वाईट आहे मी!”

पडद्यावर उत्तर उमटलं, ‘तुम्ही फार दमला आहात. हे माझ्याखेरीज कोणाला सांगितलंय?’

“कोणाला सांगू?” ती पुटपुटली.

“मला सांग की,” आतून सासूबाईंचा अडखळता आवाज आला.

वृंदा खाली मान घालून दारात उभी राहिली.

“मलाही रोज तेच वाटतं गं,” सासूबाई म्हणाल्या. “ये, बस जवळ.”

वृंदानं त्यांच्या उशाशी डोकं टेकवलं आणि बसल्याबसल्याच तिचा डोळा लागला.