घर बंद

डासांच्या अळ्या शोधत ती आरोग्य खात्यातर्फे घरोघरी फिरायची. प्रत्येकाच्या पिंपात, कुंडीत डोकावायची. धाकट्या बहिणीचं घर आलं, की दार सताड उघडं असलं तरी मान वर न करता फाटकावर खडूनं ‘घर बंद’ लिहायची आणि पुढे सरकायची. दोघींनी बोलणं टाकलं होतं.

भाचीला डेंग्यू झाला, तेव्हा मात्र तिला आत जावंच लागलं. अंगणात, फाटकातून दिसेल अशा जागी पाण्याचं पिंप उघडंच होतं. आत अळ्या वळवळत होत्या.

“झाकण कुठंय याचं? एवढी साधी अक्कल नाही तुला?” ती बहिणीवर ओरडली.

“तुझी फेरी असली की मीच काढून ठेवायचे, ताई. वाटायचं, तपासायला म्हणून तरी आत येशील.”