डावी भुवई

फोन आईच उचलते आणि सगळं छानच सांगते, म्हणून लेकीनं पत्र लिहिलं होतं: ‘बाबा, आई खरंच कशी आहे, ते तुम्ही कळवा.’ दोन महिने झाले, त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आजारपणातल्या औषधांनी बायकोच्या भुवया गेल्या होत्या, आणि चाळीस वर्षं तिचा राग, थट्टा, दुखणं ते भुवयांवरूनच ओळखत आले होते.

तिनं नुकत्याच पार्लरमध्ये बारीक पात्यानं रंग भरून नव्या भुवया कोरून घेतल्या. सोबत काळजीचा कागद मिळाला: पाणी लावू नये, मलम तांदळाच्या दाण्याएवढं. दोन्हींना मिळून, की एकेकीला? जन्मभर ग्रंथपाल असूनही त्यांना उलगडेना. एकेकीला असं धरून ते कापसाच्या काडीनं लावत राहिले.

नवव्या दिवशी खपल्यांबरोबर रंगही गेला. त्यांनी घाबरून पार्लरला फोन लावला.

“माझ्या हातून पुसल्या गेल्या हो!”

“काका, असंच होतं. महिन्याभरात रंग परत वर येतो. पण मलम आता पुरे!”

बायको ऐकत होती. रागावली, की हसू दाबतेय? काही कळेना.

महिन्यानं चहा पिताना ते चष्मा सावरून वाकले. तिची डावी भुवई वर चढली.

“काय बघताय एवढं? मी काय वाळवी लागलेलं पुस्तक आहे?”

ते उठले, दोन ओळी लिहिल्या आणि लगेच टपालपेटीत टाकून आले: ‘आई बरी आहे. आज मला झापलं.’