कालचा बॅकअप

ज्योत्स्नानं आज सकाळीच आईला, मनकर्णाबाईला, इंझोरीहून वाशीमच्या एका दवाखान्यात आणलं होतं. आता आई ऑपरेशनला आत होती, रक्त लागणार होतं, आणि दवाखान्याचा सर्व्हर बंद. कॉम्प्युटरवर नाव निघाल्याशिवाय रक्तपेढीच्या खिडकीतून रक्ताची पिशवी मिळत नव्हती.

मन दुसरीकडं वळवायला तिनं मोबाइल उघडला. डेटाबेस क्विझच्या ग्रुपवर कुण्या पवननं प्रश्न टाकला होता : डेटाबेस बिघडला, आधी आजच्या नोंदी वाचवाल, की सरळ कालचा बॅकअप चढवाल?

वाद पेटला होता. या ग्रुपवर ज्योत्स्नाचं उत्तर कधी चुकत नसे. तिनं ठणकावलं, "बॅकअप चढवा. तिकडं लोक खोळंबून राह्यले अन् तुमी नोंदी काय उकरता?"

"पण ताई, आजच्या नोंदी जातीन ना?" पवननं विचारलं.

"जाऊ द्या. चार-दोन नावं तं असतीन. मागून भरता येते."

"बरं ताई. चढवतो."

चढवतो? "कुठी हायेस तू?" तिनं घाईनं लिहिलं. तेवढ्यात खिडकीतला कॉम्प्युटर सुरू झाला.

तिनं काचेवर हात आपटला. "मनकर्णाबाईचं रक्त द्या, लवकर!"

खिडकीतल्या बाईनं स्क्रीन वरून खाली पाहिली, मग खालून वर.



"या नावाची पेशंट तं भरतीच नाही, ताई."