गोथेनबर्ग की यॉतेबोरी

"इंग्रजी बोलताना गोथेनबर्गच म्हणायचं," असं इंग्रजीचे निवृत्त शिक्षक देवस्थळी सर स्वीडिश जावयाला दर फोनवर बजावत. जावईही हट्टी. आपल्या शहराला तो तिथल्या लोकांसारखं यॉतेबोरीच म्हणे. मृदुला बापावर आणि नवऱ्यावर सारखीच हसे.

मृदुला गेली. तिच्या अस्थी घेऊन जावई साताऱ्याला आला. माहुलीच्या घाटावर विसर्जन झालं, भटजी निघून गेले, तरी दोघं ओल्या पायरीवर बसून राहिले.

बऱ्याच वेळानं सरांनी इंग्रजीत विचारलं, "यॉतेबोरीला कधी निघणार?"

जावयानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "गोथेनबर्गला आता वाट बघणारं कोणी नाही, बाबा," तो म्हणाला.

दोघंही सवयीनं थांबले. एवढ्यावर ती हसायची.